चालू विकाराची मुदत

नागपूरहून कोराडीमार्गे छिंदवाड्याकडे जो रस्ता जातो त्यावर एक चौक लागतो आणि त्याला लोक पागलखाना चौक म्हणतात. चौकाला हे नाव देणारी संस्था १८६४ साली स्थापन झाली. तेव्हापासून तिच्या फाटकावरची पाटी अनेकदा बदलली. 'लुनॅटिक असायलम'चे 'मेंटल हॉस्पिटल' झाले, मेंटल हॉस्पिटलचे प्रादेशिक मनोरुग्णालय झाले, आणि कायद्याच्या पुस्तकातूनही 'वेडा' हा शब्द यथावकाश हद्दपार झाला. परंतु रिक्षावाल्याला मनोरुग्णालय म्हटले तर तो क्षणभर विचारात पडतो, आणि पागलखाना म्हटले की मीटरला हात न लावता निघतो. मुंबई-पुण्याच्या विनोदात ठाणे आणि येरवडा जी कामगिरी बजावतात ती आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या या चौकाने बजावली आहे.

या संस्थेचा समग्र इतिहास सांगण्याचा माझा मानस नाही. मला कुतूहल आहे ते एकाच प्रश्नाचे. घरातले वृद्ध माणूस बोलेनासे होते, विचारलेल्याचे उत्तर देत नाही, जेवणाच्या ताटाकडे पाहत बसून राहते. तेव्हा त्याची स्मृती नष्ट होत चालली आहे, की स्मृती जागच्या जागी असून अंतःकरणच विषादाने गोठले आहे, हा निवाडा नागपूरच्या दप्तराने आणि नागपूरच्या घरांनी आजवर कसा केला, किंवा खरे म्हणजे करावयाचा कसा टाळला, एवढेच मला पाहावयाचे आहे.

तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले, राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी बनले, आणि पुढच्या तीन वर्षांत येथे वेड्यांचे इस्पितळ उभे राहिले. म्हणजे आगगाडी नागपुरास पोचली ती १८६७ साली, तिच्या आधी हे. नव्या राजवटीला आपल्या प्रजेच्या मनःस्वास्थ्याची एवढी निकड का वाटावी, याचे उत्तर १८५८ च्या कायद्यांत सापडते. त्या वर्षी वेड्यांसंबंधी जे कायदे झाले त्यांपैकी ३५ वा कायदा वेड्याच्या मालमत्तेची व्यवस्था कोणी पाहावी हे सांगतो आणि ३६ वा कायदा खुद्द वेड्याला कोठे ठेवावे हे सांगतो. सरकारला चिंता होती ती मिळकतीची आणि रस्त्यावरच्या बंदोबस्ताची. ज्याला जमीनजुमला आहे तो दिवाणी अदालतीत जाई. ज्याला काहीच नाही आणि जो बाजारात भटकत आहे त्याला शिपाई मॅजिस्ट्रेटपुढे उभा करी आणि तेथून तो इस्पितळात येई. मन बिघडले आहे आणि स्वतःचा कारभार स्वतःला पाहता येत नाही, एवढे ठरले की कायद्याचे समाधान होत असे. ते कशाने बिघडले आणि पुन्हा सुधारेल की नाही, हा प्रश्न त्याच्या कक्षेत नव्हता.

इस्पितळाच्या नोंदवहीत मात्र प्रकारांचे रकाने होते: उन्माद, विषण्णता, डिमेन्शिया, जन्मजात मतिमांद्य. येथे आजच्या वाचकाने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. त्या काळच्या दप्तरातला 'डिमेन्शिया' म्हणजे आज आपण ज्याला स्मृतिभ्रंश म्हणतो तो नव्हे. कोणतेही वेड जुने झाले, रोगी थंडावला, ओरडेनासा झाला, स्वतःशी पुटपुटत कोपऱ्यात बसू लागला, की त्याच्या नावापुढे हा शब्द पडे, मग तो तिशीचा असो की सत्तरीचा. स्मृतिभ्रंशाला मेंदूतल्या बदलांशी जोडणारे आलोइस अल्झायमर यांचे निवेदन १९०६ सालचे आहे आणि त्यांचे नाव त्या रोगाला क्रेपेलिन यांनी दिले ते १९१० मध्ये. त्याआधीच्या चाळीस-पन्नास वर्षांत तीव्र विषादाने दगडासारखा झालेला वृद्ध आणि स्मृती पुसली गेलेला वृद्ध हे दोघे एकाच रकान्यात, बहुधा एकाच वऱ्हांड्यात, शेजारी शेजारी बसलेले असणे अगदी संभवनीय होते.

रकाने कसे भरले जात याविषयी एक सरकारी साक्षही उपलब्ध आहे. १८९३-९४ मध्ये गांजा-भांगेच्या चौकशीसाठी कमिशन नेमले गेले; गांजाने वेड लागते काय, हा त्याच्यापुढचा एक मुख्य प्रश्न होता, आणि आमच्या मध्यप्रांतात खांडव्याकडे गांजाची लागवड होत असल्यामुळे हा प्रश्न आमच्या जिव्हाळ्याचाही होता. कमिशनने १८९२ सालात देशभरच्या इस्पितळांत आलेल्या रोग्यांची कागदपत्रे एकेक करून तपासली, आणि त्याला आढळले ते असे की 'कारण' या रकान्यात लिहिलेला गांजा पुष्कळदा रोग्याबरोबर आलेल्या पोलिसी कागदावरून जसाच्या तसा उतरून घेतलेला होता. शिपायाने तर्क करावा, मॅजिस्ट्रेटच्या कारकुनाने तो लिहावा आणि डॉक्टरने त्यावर शिक्कामोर्तब करावे, असा हा क्रम. निदानाचा हा प्रवास आपल्याकडे आजही पूर्णपणे थांबला आहे असे मी म्हणणार नाही. फक्त शिपायाच्या जागी शेजारी आले आहेत.

असे असूनही याच दप्तरात एक रत्न पडलेले आहे. १९१२ साली वेड्यांसंबंधीचा नवा कायदा झाला आणि त्याच्या परिशिष्टात रोग्याची माहिती देण्याचा एक नमुना छापला गेला. त्यात नाव, वय, धर्म, राहण्याचे ठिकाण हे तर आहेच; पण पुढे विचारले आहे की, पहिला झटका आला तेव्हा वय काय होते, पूर्वी कोठे उपचार झाले होते काय, चालू विकाराची मुदत किती, रोगी आत्मघाताकडे प्रवृत्त आहे काय, जवळच्या नातलगांत कोणाला वेड होते काय. वृद्ध रोग्यापुढे बसलेला आजचा मानसतज्ज्ञ पहिल्या पाच मिनिटांत जे विचारतो ते बहुतेक सारे या रुक्ष नमुन्यात आले आहे, आणि सर्वांत मोलाचा प्रश्न 'चालू विकाराची मुदत' हाच आहे. दुर्दैव एवढेच की नमुन्यात तळाशी मुभाही होती: माहिती नसल्यास तसे लिहावे. बाजारातून उचलून आणलेल्या अनोळखी म्हाताऱ्याची मुदत कोण सांगणार? प्रश्न योग्य होता, परंतु उत्तर देणारे माणूस रोग्याबरोबर आलेले नसे.

घरात ते माणूस होते, तर घराने काय केले? मराठी भाषेचा या बाबतीतला विवेक मला नेहमी थक्क करतो. माणसाने 'हाय खाल्ली', 'धसका घेतला', 'अंथरूण धरले', तो 'झुरतो आहे' असे आपण म्हणतो तेव्हा विषादाचे वर्णन करतो. 'चळला', 'भ्रमिष्ट झाला' म्हणतो तेव्हा बुद्धीच्या ऱ्हासाचे. चरकाने रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिले, त्याच परंपरेतली ही समज आहे. म्हणजे जो भेद नोंदवहीला साधला नाही तो आजीच्या बोलण्यात सिद्ध होता. पण या शब्दांच्या वाटणीत वयाने दगा दिला. तरुण विधवा झुरते, कर्जात बुडालेला पन्नाशीचा शेतकरी हाय खातो. आणि साठी ओलांडलेला माणूस तेच सारे भोगत असला तरी त्याला 'म्हातारचळ' लागतो. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण ज्याने रचली त्याने यमक साधले खरे, पण हाय खाण्याचा हक्क एका संपूर्ण पिढीकडून काढून घेतला.

नागपूरकरांनी तरी या म्हणीवर एवढा विश्वास टाकावयास नको होता. दुसऱ्या रघूजींची विधवा बाकाबाई १८५७ च्या धामधुमीत पंचाहत्तरीच्या घरात होती. राज्य जाऊन तीन वर्षे झाली होती, खजिना आणि जडजवाहीर लिलावात गेले होते, आणि तरीही भोसले घराण्याचे धोरण त्या वर्षी ठरविले ते तिने. ते धोरण इंग्रजांच्या बाजूचे होते, याबद्दल तिला दोष देणारे पुष्कळ आहेत. तिची बुद्धी नाठी झाली होती असे मात्र कोणी म्हटलेले नाही. उलट तिचा सावत्र मुलगा परसोजी १८१६ मध्ये गादीवर आला तो ऐन वयात, आणि इतिहासकार त्याला अंध, पंगू व दुर्बलमती अशी विशेषणे लावून मोकळे होतात. कारभार त्याचा चुलतभाऊ अप्पासाहेब याच्या हाती गेला आणि १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजीचा खून झाला. त्याच्या दौर्बल्याची मुदत किती, ते जन्मापासूनचे की नंतरचे, हे विचारण्याची दरबारात कोणाला गरज वाटली असेल असे दिसत नाही. मन दुबळे आहे या शेऱ्याने ज्यांचे काम होत होते ते पुढचा प्रश्न कशाला विचारतील?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे फारसे काही बदलले नाही. १९१४ मध्ये रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले, १९४७ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. पण १९४६ च्या आरोग्यविषयक भोर समितीसाठी देशातील मनोरुग्णालयांची पाहणी करणाऱ्या कर्नल मूर टेलर यांनी ज्या चार इस्पितळांना सर्वांत निकृष्ट ठरवून तुरुंगाची आणि गरीबखान्याची उपमा दिली त्यांत पंजाब, ठाणे आणि आग्रा यांच्या पंक्तीला नागपूर होते. अखंड हिंदुस्थानात तेव्हा सुमारे ४० हजार माणसांमागे मनोरुग्णालयाची एक खाट होती. आणि हेही लक्षात ठेवले पाहिजे की स्वातंत्र्याच्या वेळी आपले सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षांचे होते. म्हातारपण हाच मुळी थोड्यांच्या वाट्याला येणारा अनुभव होता, तेव्हा त्याच्या दोन रोगांतला भेद कोण करीत बसणार?

तो भेद पुराव्यानिशी सिद्ध झाला इंग्लंडात, आणि सिद्ध करणाऱ्याचे मुख्य साधन होते इस्पितळाचे जुने दप्तर. मार्टिन रॉथ यांनी ग्रेलिंगवेल इस्पितळात साठीनंतर दाखल झालेल्या रोग्यांची कागदपत्रे काढली, त्यांची लक्षणांवरून वर्गवारी केली आणि मग प्रत्येकाचे सहा महिन्यांनी व दोन वर्षांनी काय झाले हे पाहिले. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा: ज्यांचा मूळ विकार विषादाचा होता त्यांच्यापैकी बहुसंख्य घरी गेले होते, ज्यांना वार्धक्यातला स्मृतिभ्रंश होता त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक सहा महिन्यांतच दगावले होते. दाखल होताना जे सारखे दिसत होते त्यांना काळाने वेगळे करून दाखविले. १९३८ मध्ये रोममध्ये सुरू झालेले विजेचे उपचार तोवर सर्वत्र पोचले होते, १९५७ मध्ये रोलंड कून यांनी इमिप्रामिन या औषधाचा विषादावरील गुण जाहीर केला, आणि १९६१ मध्ये लेस्ली काइलो यांनी स्मृतिभ्रंशाचे सोंग घेतलेल्या विषादाला जे नाव रूढ केले त्याचे मराठी रूप आभासी स्मृतिभ्रंश असे होईल. सोंग हा शब्द मी जपून वापरतो. सोंग रोग घेतो, रोगी नव्हे.

हे सारे मी ग्रंथांतून शिकलो असतो तर एवढ्या आस्थेने लिहिले नसते. महालातल्या आमच्या आजोळच्या वाड्यात माझे थोरले मामा राहत. सारे त्यांना अण्णा म्हणत. एम्प्रेस मिलच्या कचेरीत त्यांनी आयुष्यभर हिशेब लिहिले, आणि निवृत्तीनंतर लिहिण्यासारखा हिशेब उरला नाही म्हणून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाचा हिशेब लिहू लागले. तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात '१॥' किंवा '२', गवळी आला नाही तर फुली, महिनाअखेर बेरीज. बासष्ट वर्षांचे होते तेव्हा एका पावसाळ्यात ते बोलेनासे झाले. मामी विचारी, 'आज वार कोणता?' ते म्हणत, 'माहीत नाही.' नातवाचे नाव? 'आठवत नाही. मला काहीच आठवत नाही, मी आता निकामी झालो.' पहाटे तीनला उठून बसत. पुढे खाणे सोडले. बँकेत एक पैसा उरलेला नाही, मग खायचे कोणाच्या जिवावर, असे म्हणत, आणि पासबुक दाखविले तर मान फिरवीत. गवळी दारातून विचारी, 'अण्णाजी काहून बोलत नाहीत?' जवळच्या एका डॉक्टरने तपासून निकाल दिला, 'आता वय झालं बाप्पा, असं होणारच.' आम्ही सर्वांनी तो मान्य केला. मीही केला.

दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र विचारले, हे केव्हापासून? कोणी म्हणे दोन वर्षांपासून, कोणी म्हणे दिवाळीपासून. मामी काही न बोलता उठली आणि भिंतीवरचे कालनिर्णय काढून घेऊन आली. जुलैच्या नऊ तारखेपर्यंत प्रत्येक चौकटीत आकडा होता, अक्षर मोत्यासारखे आणि जूनची बेरीज बिनचूक. दहा तारखेपासून कोरे. डॉक्टरांनी ते पान बराच वेळ पाहिले. मग मामीने आठवण काढली की पस्तिशीच्या सुमारास, धाकटा मुलगा गेला तेव्हा, अण्णा असेच तीन महिने गप्प होते. १९१२ च्या नमुन्यातले दोन रकाने त्या दिवशी आमच्या समोर भरले गेले. अन्न सुटलेले असल्यामुळे त्यांना इस्पितळात ठेवून, भूल देऊन विजेचे उपचार दिले, पुढे गोळ्या चालू राहिल्या; आणि संक्रांतीच्या आसपास एका सकाळी कॅलेंडरवर पुन्हा '१॥' उमटले.

त्याच वाड्यात मागच्या चौकात अक्का राहत. त्याही असाच हिशेब ठेवीत, आणि त्यांची चालू आणि मागच्या वर्षांची कॅलेंडरे मी नंतर मुद्दाम मागून पाहिली. त्यांत कोरी चौकट एकही नव्हती. दोन वर्षांपूर्वी एखाद्या तारखेला दोनदा आकडा होता. वर्षापूर्वी बेरजा चुकू लागल्या होत्या आणि त्या खोडून पुन्हा चुकविल्या होत्या. अलीकडे आकडे चौकटीबाहेर घसरले होते. अक्कांना वार विचारला तर त्या हसून म्हणत, 'मला काय विचारता, तुम्ही शिकलेली माणसं!' स्मरण गेल्याची तक्रार त्यांनी कधी केली नाही. गवळी पैसे दोनदा नेतो अशी मात्र केली. जेवण व्यवस्थित होते, गप्पा रंगत, पण दिवे लागणीच्या वेळी त्या बेचैन होत आणि एकदा शुक्रवार तलावाकडून घरी येताना, ज्या वाटेने पन्नास वर्षे आल्या-गेल्या, तीच चुकल्या. त्यांचा विकार अण्णांच्या विकारासारखा एका तारखेला सुरू झालाच नव्हता.

एवढ्यावरून कोणी कॅलेंडरालाच वैद्य समजू नये. थायरॉईड ग्रंथी मंदावली, ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले, पडल्यामुळे कवटीत रक्त साचले, किंवा एखादे औषध मानवले नाही, तरी म्हातारे माणूस असेच मंद होते, आणि हे सर्व तपासून काढता येते. शिवाय दोन्ही रोग एकाच देहात नांदू शकतात. अमेरिकेतील अलेक्सोपोलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखविले की विषादाबरोबर ज्यांची स्मृतीही ढासळली होती आणि उपचारांनी ती पूर्ववत झाली होती, अशा वृद्धांपैकी शेकडा ४३ जणांना पुढच्या सुमारे तीन वर्षांत खरा स्मृतिभ्रंश जडला. ज्यांची स्मृती शाबूत होती त्यांच्यात हे प्रमाण शेकडा १२ होते. तेव्हा 'आभासी' या शब्दावर विसंबून पुढची पाहणी सोडणे हेही धोक्याचेच. म्हातारपणातला तीव्र विषाद आत्मघातापर्यंत नेतो, आणि म्हातारचळ समजून तो घरात पडून राहतो.

भारतात आज साठीपुढच्या माणसांत शेकडा ७.४ जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. पागलखाना चौकातल्या फाटकात आता बाह्यरुग्ण विभाग आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे 'मेडिकल'मध्ये, मानसोपचार विभाग आहे, आणि १४४१६ या क्रमांकावर शासनाची दूरध्वनीसेवा आहे. माझी नागपूरकरांना एवढीच विनंती आहे: घरातल्या वृद्धाला तेथे न्याल तेव्हा त्याला रोज जवळून पाहणारे माणूस बरोबर घ्या, पूर्वीच्या आजारांचे आणि चालू गोळ्यांचे कागद घ्या, आणि भिंतीवरचे कॅलेंडर खिळ्यावरून काढून तेही घ्या, गेल्या दोन वर्षांची रद्दीत गेली नसतील तर तीसुद्धा.